ऐनाच्या झाडाचं वळण

अंबादास तायडेंना रस्ता विचारायची चूक बोरिवली पूर्वेत फक्त नवखा माणूस करतो. साधं दुधाचं दुकान विचारलं, तरी त्या फुटपाथखालून कुठली केबल गेलीय, कुठल्या साली टाकली, सांधा कुठे आहे आणि नेमक्या त्या सांध्यावर कुणी पानाची टपरी टाकलीय, हे सगळं आधी ऐकावं लागतं. तोवर दूध संपतं. चौतीस वर्षं टेलिफोनच्या खात्यात लाइनमन. निवृत्त झाल्यावर हा माणूस घरातल्या वायरी उसवत बसणार, म्हणून बायको कमल धसकलीच होती. आणि बसलेही दोन महिने. मग एका सकाळी तिनेच टोपी हातात दिली. "जा, जंगलात फिरून या. तिथं उसवायला काही नाही."

कॉलनीच्या मागे भिंत, भिंतीमागे जंगल आणि जंगलाच्या पोटातून नदी. आपल्या पुलाखाली येईपर्यंत तिचं काय होतं ते नाक असलेल्या सगळ्यांना माहीत आहे. पण फाटकातून आत तासभर चाललं की हीच बया खडकांवरून नितळ उड्या मारत येते, दोन्ही अंगांनी साग, ऐन, जांभूळ, आणि मधे मधे तळी, पाणकोंबड्या फिरणारी. फाटकावरचा वनरक्षक माणिक, त्याची परवानगी काढून तायडेंनी तिथल्या जुन्या पायवाटेला निशाणं केली. एकूण एक्केचाळीस. साकीनाक्याला लेथवर काम करणारा तिसऱ्या मजल्यावरचा हर्षद मशीन पुसायच्या चिंध्यांमधून लाल तेवढ्या वेचून आणायचा, आणि तायडे त्या झाडांना बांधायचे. नियम लाइनमनचा. वाटेच्या उजव्या हाताला, खांद्याच्या उंचीवर, एकच गाठ, आणि चिंधीचं शेपूट पुढच्या दिशेला. बिल्डिंगमधली पोरं लग्नात अक्षता टाकतानासुद्धा म्हणायची, "उजवा हात, खांद्याची उंची!"

तीन वर्षं दर रविवारी सकाळी साडेसहाला ही वरात निघायची. एकही रविवार चुकला नाही. मग या गणपतीत कमलच्या गळ्याला गाठ लागली.

गाठ म्हटल्यावर माणसाचं काय होतं ते सांगायला नको. तपासण्या, सुई घालून काढलेला तुकडा, रिपोर्टाची वाट. तायडे पाच रविवार घरीच राहिले. जंगलवारी हर्षदने सांभाळली, म्हणजे फोटो काढत काढत कशीबशी पार पाडली. दसऱ्याच्या आधी रिपोर्ट आला. काही नाही, साधी गाठ. कमलने त्या दिवशी पुरणपोळी केली आणि तायडेंनी जिन्यातल्या सगळ्यांच्या डोअरबेल फुकटात दुरुस्त केल्या, ज्यांच्या चालू होत्या त्यांच्याही.

आणि कोजागिरीनंतरच्या रविवारी ते पुन्हा टोपी घालून फाटकावर उभे राहिले. माणिकने वहीत लिहिलं, चौदा माणसं.

दगडी पुलापर्यंत सगळं ठीक होतं. पुलावर, म्हणजे बाराव्या निशाणाशी, तायडे थांबले. उजवीकडच्या सागाला त्यांची चिंधी होती. डावीकडच्या सागालाही एक होती. जरा पुढे करवंदाच्या जाळीला तीन. त्यापुढे एका पळसाला सात-आठ, कुणाला जरीची किनार, कुणाच्या गाठीत हळकुंड, खाली उदबत्तीच्या काड्या आणि अर्धी करवंटी.

"हे काय?" तायडे म्हणाले.

"नवस," हर्षद म्हणाला. "काका, तुम्ही नव्हता ना, तेव्हा सुरू झालं. कुणीतरी तुमची चिंधी पाहिली, वाटलं इथे जागृत काहीतरी आहे. त्याने एक बांधली. ती बघून दुसऱ्याने. आता लांबून लोक येतात."

"आणि तू काय करत होतास?"

"मी फोटो काढत होतो."

मागून सपना हसली. सपना म्हणजे तळमजल्यावरची, ब्यूटी पार्लरवाली. "तायडेकाका, बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरातला माणूस तुम्ही, आणि जंगलात देव बसवलात तुम्हीच! झकास!"

सगळे खो खो हसले. एक सोडून. सगळ्यात मागे नलिनी परब होत्या, दुसऱ्या मजल्यावरच्या, मूळच्या कणकवलीकडच्या. चौसष्ट वर्षं वय, साखरेचा आजार, पायात मुलाचे, म्हणजे सौरभचे, जुने फुटबॉलचे बूट. खाली खिळ्यांसारखी बोंडं असलेले ते बूट घालून त्या जिना उतरायच्या तेव्हा घोडं उतरतंय असं वाटायचं. त्या हसल्या नाहीत. काखेतली पिशवी त्यांनी आणखी घट्ट धरली.

तायडेंचं डोकं फिरलं होतं. खोटं निशाण म्हणजे लाइनमनच्या पोटात सुरी. "उद्या कुणी डावीकडची चिंधी धरून गेला आणि खोऱ्यात हरवला तर?" असं म्हणत त्यांनी पळसावरची फडकी ओढून काढली, झोळीत कोंबली, आणि ताडताड पुढे. जिथे खोटी दिसली तिथे ओढायची. लव्हाळ्याच्या तळ्याशी, तेविसाव्या निशाणाशी, जांभळाला सात होती. सातही काढली. मागे कोण येतंय, किती येताहेत, हे त्या दिवशी त्यांनी एकदाही पाहिलं नाही. तीन वर्षांत पहिल्यांदा.

पावणेदहाला सगळे वळसा घालून फाटकावर परतले. माणिकने बोट नाचवत मोजलं. पुन्हा मोजलं.

"तेरा."

नलिनीबाई नव्हत्या.

"येतील मागून," कुणीतरी म्हणालं. "बूट अडकले असतील." पण कुणी हसलं नाही. पाच मिनिटं गेली, दहा गेली. त्यांचा फोन लावला तर तो घरीच वाजला, आणि उचलला त्यांच्या नवऱ्याने, श्यामकांत परबांनी.

"ती खय? ती तुमच्यावांगडाच गेली मां?"

"श्यामकांत, सकाळी वैनीनं खाल्लं होतं काय काही?" तायडेंनी विचारलं.

पलीकडून बारीक आवाजात, "नाय रे. आज उपास म्हणाली. कसलो ता सांगूक नाय."

"इंजेक्शन?"

"ता घेतल्यान. सहाक. डॉक्टरान सांगितलेला, चुकवूचा नाय म्हणून. उपासाचा काय करूचा ता डॉक्टरान सांगूक नाय, हिनाव इचारूक नाय."

तायडेंनी फोन हर्षदच्या हातात दिला. त्यांच्या सासऱ्याचं असंच झालं होतं, इंजेक्शन घेतलं आणि जेवायचं राहिलं. आधी घाम, मग हात थरथर, मग असंबद्ध बोलणं, मग झोप. ती झोप मोडत नाही. सहाला घेतलेलं इन्सुलिन, वर तीन तासांची चढउतार, आणि ऑक्टोबरचं ऊन आता कुठे तापायला लागलेलं.

"शेवटी कुणी पाहिलं?"

"पुलावर होत्या," सपना म्हणाली. तिच्या चेहऱ्याचा रंग उतरला होता. "माझ्याकडे पाणी मागितलं."

"वरच्या तळ्यावर? तिसाव्याला? तिथं केळी वाटली ना हर्षद तू?"

हर्षदने रिकामी पिशवी चाचपली.

"अरे बोल ना!"

"चौदा आणली होती, काका. एक उरलं. मला वाटलं, कुणाला नको असेल. मी खाल्लं."

त्या केळ्यावरून हर्षदला बिल्डिंगने पुढे महिनाभर सोडलं नाही, पण त्या क्षणी तायडे फक्त एवढंच म्हणाले, "म्हणजे बाराव्याला होत्या, तिसाव्याला नव्हत्या. माणिक, तू उलट्या अंगाने तिसाव्याकडून उतर. बाकीचे इथंच थांबा. हर्षद, चल. आणि खायला काय आहे कुणाकडे?"

खायला कुणाकडेच काही नव्हतं. फाटकावरची चहाची गाडी रविवारी उशिरा लागते. एकाकडे बिनसाखरेची गोळी होती, खोकल्याची.

हर्षद पुलाच्या दिशेने धावायला लागला तसं तायडेंनी त्याची कॉलर धरली. "तिकडून नाही. प्रत्येक झाडाखाली 'मावशी मावशी' करत बसलो तर बारा वाजतील. केबल तुटली तर आम्ही काय सगळा रस्ता खोदत होतो काय? मधोमध तपासायचं. तिथपर्यंत लाइन जिवंत असली तर फॉल्ट पुढे, मेलेली असली तर मागे. मग उरलेल्याचा परत मध्य."

बारा आणि तीसच्या मधोमध एकविसावं. फाटकावरून एक चढाची आडवाट थेट तिथे निघते. त्रेसष्ट वर्षांचा माणूस तो चढ कसा चढला हे हर्षद अजून सांगतो, कारण तो स्वतः दोनदा बसला.

एकविसाव्याशी ओहोळ वाट ओलांडतो, तिथे कायम चिखल. तायडे गुडघ्यावर बसले. चौदा जणांच्या पावलांचा काला झाला होता, पण त्या सगळ्यांवर, सगळ्यात शेवटी उमटलेलं, गोल गोल भोकांचं एक पाऊल. फुटबॉलचा बूट.

"इथवर जिवंत," ते म्हणाले. "पुढे चल. पंचविसावं."

पंचविसाव्याशी मऊ माती होती. पावलं बाकीच्या तेराजणांची होती. भोकं नव्हती. हर्षदने तोंडाशी हात धरून हाक मारली. पलीकडच्या उतारावरून एक मोर ओरडला, मग तोही गप्प.

"मागे. तेविसावं."

तळ्याकाठी लव्हाळं वाऱ्याने एका बाजूला झुकलेलं, पाणी हिरवं, स्तब्ध. आणि जांभळाभोवती ती भोकं. एकदा नाही. बाई या झाडाभोवती फिरली होती, दोनदा, तीनदा, मग तळ्याच्या काठाला गेली होती, अगदी पाण्यापर्यंत.

तायडे काठावर उभे राहून पाण्याकडे बघत राहिले. हर्षद काहीतरी बोलत होता, ते त्यांना ऐकू येत नव्हतं.

"काका! काका, पावलं परत आलीत. हे बघा. परत झाडाकडे आलीत."

आली होती. परत झाडाकडे. एवढं काय शोधत होती ही बाई या झाडात?

"काका," हर्षद हळूच म्हणाला, "इथली फडकी तुम्ही काढलीत ना मघाशी?"

तायडेंनी झोळी जमिनीवर उपडी केली. लाल, लाल, लाल, जरीचं, मळकं, आणि त्यात एक वेगळं. लाल पोत, मोहरीच्या रंगाची किनार, किनारीत बारीक कोयऱ्या. ते त्यांनी उचललं. ही साडी त्यांनी स्वतः घेतली होती, मुलीच्या, मनालीच्या लग्नात, कमलसाठी. गणपतीच्या आधी कमलने कपाट आवरलं तेव्हा जुनी झाली म्हणून परबवैनींना दिली होती, गोधडीला.

कमलची साडी. गणपतीनंतर बांधलेली. आज उपास. काखेत पिशवी.

नवस कुणासाठी होता हे कळायला लाइनमन असायची गरज नव्हती. गाठ साधी निघाली, म्हणून बाई नवस फेडायला आली होती. मुद्दाम मागे राहिली असणार, तायडेंच्या देखत नको म्हणून. आणि तिची खूण पुढे चालणाऱ्या तायडेंनीच ओढून झोळीत घातली होती. आपलं झाड हे नव्हेच, असं वाटून ती पुढच्या लाल चिंधीकडे गेली असणार.

"डावीकडे," ते म्हणाले. "मी फक्त वाटेवरची काढली. आतली आहेत तशीच आहेत. डावीकडची चिंधी बघ."

डाव्या अंगाला एक घळ वर चढत जाते. तिच्या तोंडाशी कुड्याला एक लाल फडकं होतं. वीस पावलांवर दुसरं. मग तिसरं. ज्याने आयुष्यभर खरी निशाणं केली तो माणूस आता खोट्या निशाणांमागे धावत होता, आणि प्रत्येक पुढचं दिसलं की त्याला बरं वाटत होतं. दगडावर एके ठिकाणी बूट घसरल्याचा ओरखडा होता. मग एक ऐन, मगरीच्या पाठीसारखी साल असलेला, खाली वीतभर पाण्याचं डबकं.

ऐनाला टेकून नलिनीबाई बसल्या होत्या. पदर घामाने चिंब, ओठ पांढरे, हात थरथरत होते. मांडीवर पेढ्यांचा खोका. दोरीसुद्धा न सोडलेला.

"वैनी!"

त्यांनी मान वर केली. ओळख पटायला वेळ लागला. "अंबादासा... माजा झाड खय गेला रे? हयच होता. तळ्यार."

"वैनी, पेढा खा. आत्ता. तोंड उघडा."

तायडेंनी दोरी तोडली, पेढा तोंडापाशी नेला. बाईंनी ओठ घट्ट मिटले. लहान मुलासारखी मान फिरवली.

"देवाचो असा. आदी देवाक."

"मावशी, देव काही म्हणणार नाही!" हर्षद रडवेला झाला होता.

"तू केळा खाल्लंस मां माजा?" हे त्यांना कुठून कळलं देव जाणे, पण हर्षद दोन पावलं मागे सरला. "आदी झाड. फडक्याखाली ठेवूचो. मगे खातंय. बोललेलंय मी."

पेढे मांडीवर घेऊन बाई भुकेने मरायला बसली होती, कारण झाड सापडत नव्हतं. मान हळूहळू छातीवर यायला लागली. तायडेंनी खांदा हलवला. डोळे उघडले, पण नजर कुठेतरी तिसरीकडे. जबरदस्तीने कोंबावा, तर घशात अडकला तर? पाणी दिलं, ते हनुवटीवरून ओघळलं.

तायडे उठले. कमलच्या साडीची ती पट्टी त्यांच्या मुठीतच होती.

त्यांच्या बापाने दीक्षा घेतली त्यानंतर त्या घरातल्या कुणी झाडाला, दगडाला, कशालाही गाठ मारली नव्हती. आणि स्वतः तायडेंनी वाट सोडून निशाण कधी बांधलं नव्हतं. दोन्ही एकदमच मोडायची वेळ आली. त्यांनी ऐनाच्या खोडाला पट्टी गुंडाळली, एकीवर भरवसा नव्हता म्हणून दोन गाठी मारल्या, आणि खाली बसून बाईंच्या तोंडासमोर चुटकी वाजवली.

"वैनी, वर बघा. हे तुमचं फडकं. ही किनार कुणाची? कमलची की नाही? हे तुमचं झाड."

नलिनीबाईंनी बघितलं. खूप वेळ बघितलं. बोट उचलून किनारीला लावलं.

"हा," त्या म्हणाल्या. "ह्याच ता."

तायडेंनी पेढा उचलून त्यांच्या तळव्यावर ठेवला आणि तळवा धरून झाडाच्या मुळाशी टेकवला. मग ते अवघडून थांबले.

"तू हात जोडू नको," बाई जड जिभेने म्हणाल्या. "माका ठावक असा. माजे दोन आसत मां." आणि थरथरते हात त्यांनी जोडले.

त्यानंतर पेढे. एक, दोन, मग तिसरा त्यांनी स्वतःच्या हाताने घेतला. पंधरा-वीस मिनिटं गेली. डबक्यावर एक चतुर फिरत होता. बाईंच्या कपाळावरचा घाम वाळला, आणि तोंडाला हळूहळू मूळची धार आली.

"रे अंबादासा, एवढो लाइनमन तू, आणि डावीकडे बांधलंस?"

तायडे दगडावर बसून गुडघ्यांत डोकं घालून हसत होते की काय करत होते, ते हर्षद सांगत नाही. विचारलं की विषय बदलतो.

"वैनी, मला सांगायचं तरी होतं."

"तुका सांगितलंय असता तर तू माका केबलचो इतिहास सांगलंस असतंस."

माणिक वरून हाका मारत उतरला. बाईंना दोन्ही बाजूंनी धरून खाली आणलं. श्यामकांत फाटकावर आले होते, एका हातात साखरेचा डबा, एका हातात चमचा. बायकोला बघून त्यांनी पहिला चमचा स्वतःच खाल्ला.

दवाखान्यात डॉक्टरांनी परब नवरा-बायको दोघांनाही झापलं, एकीला उपासासाठी आणि एकाला उपासाचं न विचारल्याबद्दल. गोष्ट इथे संपायला हवी होती. पण तायडेंना चैन पडेना. ऐनावरचं निशाण खोटं होतं. वाटेपासून शंभर पावलं आत, भलत्या हाताला. उद्या कुणी ते पाहून घळीत शिरला तर? ते सोडायला निघाले, तर नलिनीबाई दारात उभ्या.

"नवसाचा फडका सोडलंस तर बघ."

"पण वैनी, ते चुकीच्या जागी आहे."

"मगे जागा बरोबर कर."

तीन दिवस विचार करून तायडेंनी माणिकला गाठलं. पुढच्या आठवड्यात हर्षदला घेऊन घळीतली बाकीची सगळी फडकी त्यांनी उतरवली आणि आपली निशाणं बांधली. आता तळ्यापासून वाट घळीत चढते, ऐनाला वळसा घालते आणि जुन्या पंचविसाव्याला उतरते. ऐन बरोबर उजव्या हाताला येतो. निशाणं आता सत्तेचाळीस. उगीच एवढी चढण कशाला, असं नवखी मंडळी विचारतात, आणि तायडे त्यांना ऐनाची साल कशी असते ते सांगत बसतात. प्रत्येक निशाणाला मात्र आता माणसं मोजतात. मोठ्याने. नलिनीबाईंना पहिल्या नंबरला उभं करून, आधी काहीतरी खायला लावून.

डिसेंबरात कमलही पहिल्यांदा आली. चढ चढून धापा टाकत ऐनाशी थांबली, टेकायला हात लावला, आणि हात तिथेच राहिला.

"ही तर माझी साडी," ती म्हणाली. "मी गोधडीला दिली होती."

तायडे एकदम पुढच्या निशाणाकडे चालायला लागले. हर्षदने मोबाईल काढून पाणकोंबडी शोधायला सुरुवात केली, जिथे तळं नव्हतं तिथे.

"उरलेली गोधडीतच असा गो," नलिनीबाई म्हणाल्या. "चल, वर केळी वाटतत. हर्षदाच्या आदी पोचाक व्हया."